अडीचशे शब्दांत गरज

प्रश्न चौदा : आपल्या दवाखान्याची गरज
अडीचशे शब्दांत मांडा.
मुदत आज रात्री बारा.
त्यांचे बारा, म्हणजे आमचे दहा.
मोंटानात घड्याळसुद्धा वॉशिंग्टनच्या मागून चालतं.

बाहेर उणे सव्वीस. काचेवर आतून
बर्फाची साय धरलीय.
मी कोट घालूनच टाईप करते आहे,
कारण बॉयलरचा अर्ज मागल्या वर्षी परत आला :
इमारत हा आरोग्यसेवेचा भाग नव्हे.

लिहिते :
बाळंतपणासाठी सगळ्यात जवळचं रुग्णालय एकशे अठरा मैलांवर.
आमचा प्रसूतिकक्ष बंद पडून सहा वर्षं झाली.
तिथं आता खोक्यांत कागद आहेत,
बहुतेक असेच अर्ज.

खोडते.
रडका सूर नको, असं ऑर्ला म्हणते.
ती ग्रेट फॉल्सला जाऊन
अनुदान कसं मागावं याचं प्रशिक्षण घेऊन आली.
त्या प्रशिक्षणालाही अनुदान होतं,
पण त्याचा अर्ज तिला
काहीच न शिकता भरावा लागला होता.
"गरज सांगू नका," तिथं शिकवलं, "संधी सांगा."

बरं. संधी :
आमच्या रुग्णवाहिकेवर तीन माणसं, तिघंही बिनपगारी.
एक बियाणं विकतो,
एक शाळेत बँड शिकवते,
आणि ऑस्मुंड टेलेफ्सन, वय एकाहत्तर,
ज्याचा स्वतःचा उजवा गुडघा
दोन वर्षं शस्त्रक्रियेची वाट बघतोय.

प्रश्न पंधरा : लाभार्थी किती?
चौकटीत फक्त आकडा बसतो.
नऊशे चाळीस, मी लिहिते. मग आठवतं,
म्हातारा लुंडीन सोमवारी गेला.
नऊशे एकोणचाळीस.

ऑक्टोबरात एक ट्रक आला होता.
ट्रकात पलंग, पलंगावर रबराची बाई.
तिला नाडी होती, श्वास होता,
शिकवणारी पोरगी बटण दाबायची
की रक्त वाहायचं, सरबतासारखं पातळ.
दोन दिवस आम्ही तिला बाळंत केली,
अकरा वेळा. चार वेळा ती दगावली.
ऑस्मुंडनं टोपी काढून तिला म्हटलं,
"घाबरू नका बाई, पोचतोच आहोत."
आम्ही हसलो. तो नाही हसला.

जानेवारीत, एक्केचाळिसाव्या मैलापाशी,
वारा आडवा, रस्ता कुठला आणि शेत कुठलं कळेना,
डेल्मा बर्गेटचं बाळ खांद्यापाशी अडकलं.
फोनवर मी होते, आणि मग फोनही नव्हता.
नंतर बँडवालीनं सांगितलं :
ऑस्मुंड त्याच गुडघ्यावर टेकला
ज्यावर तो चर्चमध्येही टेकत नाही,
"गुडघे छातीशी घे पोरी, आणखी, आणखी,"
आणि हात चालत राहिले
जसे रबराच्या बाईवर चालले होते, बाराव्यांदा.

यंदा ट्रक नाही. ट्रकचे पैसे संपले.
हा अर्ज त्याचाच आहे,
वर्षातून दोन दिवसांचा,
आणि मी गेला तासभर
एकदाही ते नीट लिहू शकलेली नाही.

प्रश्न सतरा : मोजता येईल असा परिणाम.
सहा पौंड अकरा औंस, मी लिहिते.
चौकट लाल होते :
उत्तर टक्क्यांत द्यावे.

शंभर.

नऊ बावन्न. इंटरनेट
बर्फातल्या गाडीसारखं जागच्या जागी फिरतंय.
ऑस्मुंडचा फोन : "झालं का?"
त्याला झोप लागत नाही. गुडघा.
"होतंय," मी म्हणते.
"मी येऊ का? निदान शेकोटी तरी पेटवतो."
"अंगणात पेटवशील?"
"बॉयलरच्या अर्जाची," तो म्हणतो, "प्रत असेल ना?"

खाली आकडा लुकलुकतोय : शब्द दोनशे एक्कावन्न.
एक जास्त.
वरून खाली वाचते, पुन्हा खालून वर.
मैल कमी करता येत नाहीत, गुडघाही नाही.
शेवटच्या ओळीत होतं,
आम्हाला याची फार गरज आहे.

'फार' खोडते.
पाठवा दाबते.